पेट्या कामाला लागल्या तो अवरेकाईचा मोसम

परवा सकाळी व्हाइटफील्डच्या आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर हातगाडीवर अवरेकाईचा हिरवा ढीग दिसला आणि मी ऑफिसची कॅब सोडून दिली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला आणि तो निघून गेला. जाऊ दे. वर्षातून दोन-अडीच महिने मिळणारी वस्तू समोर असताना मीटिंग गाठायला धावणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. मी एक शेंग उचलून नाकाशी धरली. गाडीवाली म्हणाली, "सोगडु इदे मा, तगोळी." सोगडु आहे, घ्या, असं म्हणत होती ती. सोगडु म्हणजे या शेंगांच्या अंगचा तो तेलकट, हिरवा, बोटांना दिवसभर चिकटून राहणारा वास. धुकं पडलं की तो शेंगेत उतरतो, असं इथले लोक सांगतात. मराठीत त्याला शब्द नाही, आणि पुण्यात असताना मला त्याची गरजही पडली नव्हती. याच कुळातल्या पावट्याच्या उसळीला नाक मुरडत मी लहानाची मोठी झाले.

आता मात्र किलोभर शेंगा घेऊन घरी आले, पेपर पसरला आणि सोलायला बसले. मीटिंगमध्ये फोनवरून हजेरी लावली, आवाज बंद ठेवून. पाच-दहा शेंगा सोलून होतात न होतात तोच बोटांना वास लागला, आणि मी चामराजपेटेतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत जाऊन पोचले. मीटिंगमध्ये कोणी काय ठरवलं ते मला विचारू नका.

ती माझी बंगळूरमधली पहिली थंडी. पुण्याहून मोठ्या उत्साहानं आले होते, आणि आल्याआल्या माझा प्रोजेक्ट बंद पडला. पुढचा मिळेपर्यंत थांबा, असं कंपनीनं कळवलं. पगार चालू, काम बंद. माझ्या बरोबरीची सगळी मंडळी व्हाइटफील्डला राहत होती. मी मावशीच्या ओळखीनं शहराच्या दुसऱ्या टोकाला, चामराजपेटेत, सुमनअक्कांच्या घरावरच्या खोलीत. पहिले काही दिवस रिकामपणाचं सुख वाटलं. मग मी गॅलरीत उभी राहून खालचा इस्त्रीवाला कोणाचा शर्ट किती निगुतीनं करतो याच्यावर मतं बनवायला लागले. माणूस फुकट जायला फार वेळ लागत नाही.

सुमनअक्का साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, चालताना पदर कंबरेला खोचणाऱ्या. त्यांचं घराणं शिंप्यांचं. कित्येक पिढ्यांपूर्वी या गावात आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलेलं की कुठलं काय ते त्यांनाही सांगता यायचं नाही. एक दिवस त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

"काय गं मुग्धा, कामावर जात नाहीस?"

"सध्या काम नाही अक्का."

"पगार?"

"पगार आहे."

"अय्यो! मग असं बसून काय करतीस? तू कंप्यूटरवाली न्हवं? चल, स्वल्प माझ्या पेट्या बघ."

पेट्या होत्या दोन गल्ल्या पलीकडे, त्यांच्या शिंपी समाजाच्या सभागृहात. खाली लग्नाचा हॉल, मागे स्वयंपाकघर, आणि वर एक लांबट खोली. अक्कांनी कुलूप काढलं, खिडकी उघडली, आणि मला हसू आवरेना. बाकांवर ओळीनं मॉनिटर मांडलेले, आणि प्रत्येकावर फुलाफुलांचा, झालर लावलेला अभ्रा. कीबोर्डला अभ्रा. मागच्या काळ्या छोट्या डब्यांना वेगळा अभ्रा, वर पायपिंग. माउसला टोपडं. या लोकांच्या घरात अभ्रा नसलेली वस्तू सापडणं कठीण. मिक्सरला असतो, गॅसच्या सिलिंडरला असतो, टीव्हीच्या रिमोटला असतो, स्कूटरच्या आरशांनाही मी पाहिलेला आहे. उरलेल्या ब्लाउजपीसचं काय करायचं हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी असा सोडवला आहे. ज्या वस्तूवर जीव, तिला कापड.

काळे डबे म्हणजे थिन क्लायंट. नावाप्रमाणेच अंगानं रोडावलेले कॉम्प्युटर. त्यांच्यात स्वतःचं फारसं काही नसतं. कोपऱ्यातल्या एका मोठ्या मशीनच्या जिवावर ते चालतात, आणि ते मशीन बिघडलं की सगळे एकदम मुके होतात. कुठल्याशा कंपनीनं ऑफिस हलवताना ते समाजाला देऊन टाकले होते. अक्का त्यांना पेट्या म्हणायच्या. नवरा गेल्यावर, पन्नाशीत, अक्का स्वतः हे शिकल्या आणि मग इथे पोरींना शिकवायला लागल्या. टायपिंग, अर्ज भरणं, पत्र लिहिणं. तेव्हापासून त्या मिस झाल्या. बाजारात भाजी घेताना अजूनही एखादी दोन मुलांची आई थांबायची आणि "मिस, बरं आहे ना?" विचारायची, आणि अक्का पुढची गल्लीभर जरा ताठ चालायच्या. पुढे मोठं मशीन बिघडलं, पोरींच्या हातात फोन आले, आणि वर्ग बंद पडला. तरी अक्का दर आठवड्याला जाऊन अभ्रे झटकत होत्या, धुवत होत्या, परत घालत होत्या.

"मोठी पेटी दुरुस्त होईल का?" त्यांनी विचारलं. मी उघडून पाहिली. होण्यातली नव्हती. तसं सांगितल्यावर अक्का बाकावर बसल्या आणि त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. समाजाचे सेक्रेटरी चंद्रूअण्णा, म्हणजे अक्कांचे धाकटे दीर, ही खोली लग्नाची भांडी ठेवायला घेणार होते. संक्रांतीच्या आधीच्या सभेत ठराव होणार होता.

"घरात मला कोणी काही करू देत नाही गं. सून चांगली आहे, म्हणूनच. 'तुम्ही बसा अम्मा, तुम्ही बसा अम्मा.' किती बसायचं माणसानं? ही खोली गेली म्हणजे मी बसलेच."

चंद्रूअण्णा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. कापडाचं दुकान, गळ्यात सदैव मोजपट्टी, आणि बोलणं कात्रीसारखं. भांड्यांचा प्रश्नही खरा होता. मोठमोठी पातेली आणि झारे खालच्या बोळात पडून असायचे, आणि नुकत्याच झालेल्या एका लग्नात नवरदेवाची आत्या त्यांना अडखळून भर मुहूर्तावर आडवी झाली होती. "बंद पेट्यांना खोली आणि चालू भांड्यांना बोळ?" अण्णा अक्कांना म्हणाले होते. "हा कुठला न्याय, वैनी? रिकामी खोली आहे ती."

रिकामी. तो शब्द मला लागला, कारण त्या दिवसांत मीही त्याच जातीची होते. आणि त्या रागातच मला कॉलेजचं होस्टेल आठवलं. तिथे माझा जुनाट कॉम्प्युटर मी झोपले किंवा क्लासला गेले की एका भलत्याच उद्योगाला लागायचा. जगात कुठेतरी शास्त्रज्ञांची एक टोळी अजस्र गणित घेऊन बसलेली असते. ते सोडवायला लागणारं मशीन त्यांच्यापाशी नसतं. मग ते गणिताचे बारीक बारीक तुकडे करतात आणि मागेल त्याला इंटरनेटवरून वाटतात. तुमचं मशीन रिकामं असलं की एक तुकडा घेतं, सोडवतं, परत पाठवतं, दुसरा मागतं. मोबदला काही नाही. आपण होऊन केलेलं काम. आणि त्यासाठी मोठ्या मशीनची गरज नव्हती. या रोडावलेल्या डब्यांनाही स्वतःचं थोडंसं डोकं असतं, ते आजवर कोणी वापरायला सांगितलेलं नसतं एवढंच.

हे अक्कांना कसं समजवावं याची मी जुळवाजुळव करत होते. निम्म्यातच त्यांनी मला थांबवलं.

"कापून दिलेलं काम की गं हे!"

चामराजपेटेतल्या शिंप्यांच्या गल्ल्यांमध्ये आजही असंच चालतं. दुकानात कापड बेतून कापतात आणि घरोघर वाटतात. एक घर काजं करतं, दुसरं तुरपाई, तिसरं हूक लावतं. संध्याकाळी सगळं गोळा होतं आणि ब्लाउज तयार. ज्या बाईनं काजं केली तिला तो ब्लाउज कोण घालणार ते माहीत नसतं. मी मान डोलावली. अगदी तसंच अक्का, फक्त इथे ब्लाउजऐवजी तारा. मी निवडलेल्या कामात आकाशातून आलेल्या लहरी होत्या. काही तारे ठरावीक लयीत ठोके देतात, ते त्या खरखरीतून शोधायचे होते.

"आणि एकच तुकडा दोघांना देतात," मी म्हटलं. "दोघांची उत्तरं जुळली तरच काम पसंत."

अक्कांची पाठ ताठ झाली. "का? माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे हो. पेटीवर नाही."

"पेटी माझीच की!"

"दुसरी पेटी कोणाची असेल ते आपल्याला कधीच कळत नाही अक्का. कुठल्याही देशातली असेल." यावर त्या जरा शांत झाल्या. मग मी मनाचा हिय्या करून उरलेलंही सांगितलं, की बहुतेक तुकड्यांत काहीच सापडत नाही. त्या खट्टू होतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तांदूळ निवडताना खडा मिळाला नाही म्हणून कोण रडतं? ताट सगळं बघितलं, अष्टे. एवढंच."

चंद्रूअण्णांना पटवायला आम्ही दोघी दुकानात गेलो. ते ऐकत होते आणि एका गिऱ्हाईकाला खणही दाखवत होते. "म्हणजे इंजिनीअरम्मा, कोणाचं तरी काम, कोणासाठी तरी, फुकट, आणि बहुतेक करून त्यात काही निघणार नाही?" मी हो म्हटलं. असं ऐकलं की ते फारच बिनकामाचं वाटतं खरं. अण्णांनी खण घडी केला. "सरी, ठीक आहे. सभेपर्यंत करा. तोवर एक तरी काम पुरं करून दाखवा. पुरं म्हणजे पसंत झालेलं. दाखवलंत तर खोली वैनींची. नाहीतर मी येतो पट्टी घेऊन, फळ्यांचं माप घ्यायला."

मग आम्ही कामाला लागलो. मी पेन ड्राइव्ह घेऊन एकेका पेटीच्या मागे लागले. दोन-तीन पेट्यांनी साफ नकार दिला. बाकीच्या कुरकुरत का होईना उठल्या. अभ्रे काढून ठेवा, वारा लागू दे, असं मी अक्कांना बजावलं आणि त्यांनी ते घड्या घालून कपाटात ठेवले. उठलेल्या सगळ्या पेट्यांचे हिरवे दिवे लागले तेव्हा अक्कांनी विचारलं, "आता काय दिसेल?" काहीच नाही. मॉनिटरचे पडदे बंद ठेवायचे, वीज वाचते. अक्कांनी एका पेटीवर तळवा ठेवला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "ऊब आली गं," त्या म्हणाल्या. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा नव्हे, तर शाबासकी द्यावी तसा त्यांनी तिच्यावर हात ठेवला होता.

बंगळूरला थंडी अशी फार पडत नाही, पण जी पडते ती इथले लोक मनापासून साजरी करतात. कानटोपी, स्वेटर, त्यावर शाल, आणि "काय चळी ही!" असं एकमेकांना सांगणं. चळी म्हणजे थंडी. धुकं उठलं की अवरेकाईच्या गाड्या यायच्या आणि घराघरातून बायका टोपल्या घेऊन उंबऱ्यावर बसायच्या. शेजारच्या लीलाक्कांनी पहिल्यांदा विचारलं, वरची खोली उबदार आहे म्हणे? खरं म्हणजे दहा-बारा छोट्या पेट्यांनी खोली किती तापणार? पण ऊन खिडकीतून यायचं, पेट्या बारीक ऊब द्यायच्या, आणि जिन्याचा वारा लागत नव्हता. लीलाक्का टोपली घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जावा आल्या. आठवडा व्हायच्या आत बाकांच्या मधल्या जागेत सतरंजी पसरली गेली आणि रोज जेवणं आटोपली की तिथे सोलायची बैठक बसायला लागली.

ते आवाज मला अजून ऐकू येतात. शेंग मोडल्याचा कट्ट आवाज. दाणे परातीत पडण्याचा. आणि हितकबेळ्याचा तर वेगळाच: दाणे भिजत घालायचे, मग अंगठा आणि बोटात धरून हलकेच दाबायचं, की आतली डाळ सालीतून पच्‌कन बाहेर उडते. मला ते जमायचं नाही. माझी डाळ कधी कीबोर्डखाली जायची, कधी लीलाक्कांच्या कानावर. "इंजिनीअर आहे, हाताला वळण नाही," असं माझ्यादेखतच बोललं जायचं. सगळीकडे सोगडु, फिल्टर कॉफी, आणि गरम प्लास्टिकचा हलका वास. या तिन्हींचं मिश्रण बाटलीत मिळत असतं तर मी आज कपाटात ठेवलं असतं.

रोज कॉफीच्या आधी अक्का पडदा चालू करायच्या आणि कोणती पेटी किती टक्के आली ते मोठ्यानं वाचायच्या. वर्गात निकाल वाचावा तसा. बायकांनी पेट्या वाटून घेतल्या होत्या. लीलाक्कांची पेटी सगळ्यात मागे, आणि त्या तिची बाजू घेऊन भांडायच्या. "तिला अवघड तुकडा दिलाय, म्हणून." एका दिवसात पेटी जेमतेम इंचभर पुढे सरकायची. माझा लॅपटॉप तेच काम केवढ्यातरी लवकर करून मोकळा झाला असता. मी तो एकदाही तिथे नेला नाही. कारण विचाराल तर सांगता येणार नाही, पण त्या खोलीत बसलेल्या कोणालाही ते आवडलं नसतं, आणि मलाही नाही. मी त्या दिवसांत फार सुखी होते. मला कोणी काही विचारत नव्हतं, आणि तरी रोज दुपारी माझी वाट पाहिली जात होती.

चंद्रूअण्णा अधूनमधून डोकावायचे. वीज किती जळते ते बघायला आलो, म्हणायचे, आणि जाताना अक्कांच्या पेटीची टक्केवारी विचारून जायचे.

सभेच्या आधी मला चुलतबहिणीच्या लग्नाला पुण्याला जावं लागलं. परत आले ती पिशवी खाली टाकून थेट सभागृहात गेले. जिन्यावरच गलका ऐकू आला. "बघ, बघ, तुझ्यासाठी गंमत," म्हणत लीलाक्कांनी मला आत ओढलं. जवळजवळ प्रत्येक पेटीला नवा अभ्रा होता. साधा नव्हे. आत कापूस भरलेला, बाहेर काठापदराचं कापड, कडेनं पायपिंग, वायर बाहेर यायला बारीक काज. "एवढी थंडी, आणि उघड्या अंगानं काम करतात बिचाऱ्या," लीलाक्का म्हणाल्या. "म्हणून गोधडीच शिवली."

मी एका अभ्र्याखाली हात घातला. पेटी गार होती. दुसरी गार. तिसरी गार. गोधडीत गुदमरून, तापून, त्या पेट्या कधीच स्वतःहून बंद पडल्या होत्या. पडदे बंद, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. उलट सगळं कसं शांत चाललंय असं वाटलं. त्या दिवसांत अक्कांना पडसं झालेलं, म्हणून निकालही वाचला गेला नव्हता. मी कपाळावर हात मारला. लीलाक्कांचा चेहरा इतका उतरला की मला माझा राग गिळावा लागला.

"आम्ही मारलं त्यांना?"

"नाही हो. झोपल्यात. कुठवर आल्या होत्या ते त्यांना आठवतं, तिथूनच पुढे सुरू करतील." हे खरं होतं. पण सभेपर्यंत त्यांतली एकही पोचणार नव्हती, हेही खरं होतं, आणि ते मला सांगावं लागलं.

एकच पेटी चालू होती. अक्कांची. तिच्यावर गोधडी नव्हती. अक्कांनी शिवायला घेतली होती, पण पायपिंग मनासारखी सरळ बसेना म्हणून दोनदा उसवली होती. आमची सगळी आशा आता त्या न शिवलेल्या अभ्र्यावर होती.

त्याच दुपारी अण्णा आले. जमिनीवर गोधड्यांचा ढीग, कोणी कॉफी केलेली नाही. मी घडलेलं सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी एक अभ्रा उचलला, उलटा केला, उजेडात धरला. "शिवण चांगली आहे," ते म्हणाले. "पण वारा जायला वाट नको? जन्म कापडात गेला तुमचा, एवढं सुचू नये?" आणि तासाभरात दुकानातून मच्छरदाणीच्या जाळीचा तागा आला. अक्कांनी विचारलं, "चंद्रू, हे काय?" तर अण्णा जिन्यावरूनच ओरडले, "मदत नाही ही! चुकीचं बेतलेलं मला बघवत नाही."

सभेचा रविवार उजाडला. खाली खुर्च्या मांडल्या जात होत्या. वर बायका संक्रांतीच्या एळ्ळू-बेल्लासाठी, म्हणजे इथल्या तिळगुळासाठी, खोबऱ्याचे आणि गुळाचे बारीक तुकडे करत बसल्या होत्या, पण लक्ष कोणाचंच विळीवर नव्हतं. अभ्र्यांच्या वरच्या बाजूला आता जाळीच्या खिडक्या होत्या. सकाळी अक्कांची पेटी शेवटच्या टक्क्यावर रेंगाळली, रेंगाळली, आणि एकदाची पोचली. उत्तर गेलं. खोलीत टाळ्या वाजल्या, लीलाक्कांनी माझ्या तोंडात गूळ कोंबला. मग मी पडद्यावरची पुढची ओळ वाचली, आणि तो गूळ तसाच राहिला.

"काय म्हणतंय?" अक्कांनी विचारलं.

"दुसऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही अक्का. ते आल्याशिवाय पसंत होणार नाही."

"कधी येईल?"

"सांगता येत नाही. आज, उद्या, आठवड्यानं. तो कोण आहे तेच माहीत नाही."

पदराच्या टोकानं अक्कांनी उगीचच पडदा पुसला. मी हळूच म्हटलं, झालं म्हणून सांगू या, आपल्या बाजूनं तर झालंच आहे. त्यांनी माझ्याकडे असे डोळे वटारले की मी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींचं दुःख समजू शकले.

खालून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि अण्णा वर आले. मागे कमिटीतले दोघे. गळ्यात पट्टी होतीच. दारात त्यांना चप्पल ठेवायला जागा मिळेना, इतक्या चपला होत्या. मग सतरंजीवर पाय टाकायला जागा मिळेना. दोघे कमिटीवाले उंबऱ्यावरच अडले. अण्णांनी पट्टी हातात घेतली, भिंतीकडे पाहिलं, भिंतीला टेकून बसलेल्या बायकांकडे पाहिलं.

"झालं का वैनी?"

"आमचं झालं," अक्का म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण सरळ होता. "पसंत झालेलं नाही. दुसऱ्या घरचं यायचंय."

"म्हणजे नाही झालं."

"नाही झालं."

कोणीतरी विळी बाजूला ठेवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला ते लपवायचं नव्हतं. अण्णांनी एक स्टूल ओढलं, पेटीसमोर बसले, आणि ती न समजणारी इंग्रजी ओळ खूप वेळ बघत राहिले.

"हा दुसरा. त्याला आपण कळवू शकतो?"

"नाही अण्णा," मी म्हटलं.

"त्यालाही आपण कोण ते माहीत नाही?"

"नाही."

"पण त्याचं उत्तर येणार."

"येणार."

"मग खोली कशी बंद करायची?" अण्णा माझ्यावरच खेकसले, जणू ती मागणी माझी होती. "त्यानं काम करून पाठवायचं, आणि आपण शटर ओढून भांडी रचायची? कापून दिलेलं काम परत येईपर्यंत दुकान उघडं ठेवायचं असतं. आमच्या धंद्यात एवढी तरी रीत आहे."

आता खरं सांगायचं तर उत्तरं या खोलीत जुळत नाहीत. ती जुळतात कुठल्यातरी दूरच्या मोठ्या मशीनवर. इथे भांडी रचली, कुलूप घातलं, वीज तोडली, तरी त्या जुळणीला काडीचा फरक पडणार नव्हता. मी इंजिनीअर आहे. चुकीचं काही ऐकलं की माझं तोंड आपोआप उघडतं, आणि ते उघडलंही. अक्कांनी शांतपणे माझ्या पायावर पाय दिला आणि तिथेच दाबून धरला. मी तोंड मिटलं. अण्णा उठले, पट्टी गळ्यात टाकली, आणि खाली जाऊन सभेत सांगितलं की खोलीत काम अडकलंय, ठराव पुढे ढकला. अण्णांना खरी गोष्ट माहीत होती का, याचा मी बराच विचार केला आहे. दुकानात त्यांचाही कॉम्प्युटर आहे, आणि माणूस काही भोळा नाही.

उत्तर आलं, संक्रांत उलटून गेल्यावर. जुळलं. दोन्ही घरांचं म्हणणं एकच होतं: इथे काही नाही. अक्का जिन्याच्या तोंडाशी जाऊन "काही नाही! पक्कं काही नाही!" असं आनंदानं ओरडल्या, आणि रस्त्यावरचे लोक वर बघायला लागले. भांडी अण्णांच्या दुकानाच्या माळ्यावर गेली. लीलाक्का अक्कांना म्हणाल्या, ही पेटी मलाही चालवायला शिकवा मिस, आणि त्यांच्या मागे बाकीच्या. मला प्रोजेक्ट मिळाला आणि मी व्हाइटफील्डला आले, कॅबवाल्यांच्या जगात.

आज ते सोललेले दाणे भिजत घातले आणि अक्कांना फोन लावला. मागे परातीचा आवाज होता, बायकांचा गलका होता. दोन मिनिटंसुद्धा बोलायला त्यांना सवड नव्हती. वर्ग चालू आहे, म्हणाल्या. तो ठराव अजून तसाच पुढे ढकललेला आहे. कामाची तऱ्हाच अशी, की एक तुकडा जुळेपर्यंत बाकीचे वाटेवर असतात. अण्णांनी घातलेल्या नियमानं ती खोली बंद करायची, तर कुणाचंच उत्तर यायचं बाकी नाही असा दिवस लागेल. तसा दिवस अजून उजाडलेला नाही.